मुलींपर्यंत पॅड पोहोचले, लोह का पोहोचले नाही?

१४ एप्रिल आणि ६ डिसेंबर जवळ आले की आपली मंडळे रक्तदान शिबिरांच्या तयारीला लागतात. या शिबिरांत एक गोष्ट दरवर्षी घडते आणि ती कोणत्याही अहवालात येत नाही. कॉलेजच्या मुली उत्साहाने रांगेत उभ्या राहतात. टेबलावर बोटातून रक्ताचा थेंब घेतला जातो आणि त्यातल्या कितीतरी जणींना सांगितले जाते, "ताई, तुम्हाला देता येणार नाही. रक्त कमी आहे." रक्तदानासाठी हिमोग्लोबिन किमान १२.५ आणि वजन किमान ४५ किलो लागते. मुलगी ओशाळून बाजूला होते, बिस्किटांचा पुडा तरी घेऊन जा म्हणून कुणी आग्रह करतो, आणि विषय संपतो. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत किती पिशव्या रक्त जमले ते असते. परत पाठवलेल्या मुली किती, त्यांचे पुढे काय झाले, याची नोंद कुणाकडेच नसते.

खरे तर त्या टेबलावर वस्तीतल्या मुलींची आरोग्य तपासणी फुकटात झालेली असते. आपण तिचा निकाल वाचत नाही, एवढेच.

१२.५ ही रक्तदानाची मर्यादा आहे, आजाराची नाही. १२ वर्षांवरील मुलीचे आणि गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर तिला रक्तक्षय, म्हणजेच ॲनिमिया आहे असे मानतात. ११ ते ११.९ सौम्य, ८ ते १०.९ मध्यम आणि ८ च्या खाली तीव्र. आठ-नऊवर असलेल्या मुली शाळेत जातात, पाणी भरतात, स्वयंपाक करतात, जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळतात. शरीर सवय करून घेते, म्हणून घरच्यांना काही बिघडले आहे असे वाटतच नाही.

आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्या शेजारी ठेवून पाहू. २०१५-१६ मध्ये देशातल्या १५ ते २४ वयाच्या ५७.६ टक्के मुली पाळीत स्वच्छ साधने वापरत होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण ७७.३ टक्के झाले. चार-पाच वर्षांत इतकी वाढ ही मोठीच गोष्ट आहे. त्याच काळात १५ ते १९ वयाच्या मुलींमधला रक्तक्षय मात्र ५४.१ टक्क्यांवरून ५९.१ टक्क्यांवर गेला. याच वयाच्या मुलग्यांमध्ये तो ३१.१ टक्के आहे. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये रक्तक्षय ४८ टक्के होता, तो ५४.२ टक्के झाला. बोटातल्या रक्तावरून केलेल्या या तपासणीवर काही तज्ज्ञांचे आक्षेप आहेत, पण दोन्ही फेऱ्यांत पद्धत तीच होती.

म्हणजे पॅड पोहोचले आणि रक्त कमी झाले. एकामुळे दुसरे झाले असे नाही. पण 'मासिक पाळीचे आरोग्य' म्हणजे पॅड, असे समीकरण आपण सगळ्यांनी, माझ्यासारख्या सामाजिक कार्यकर्त्यांनी तर जास्तच, डोक्यात घट्ट बसवले आहे. पॅडवाटपाचा फोटो चांगला येतो. पॅड हवेतच. जनऔषधी केंद्रात एक रुपयाला एक पॅड मिळतो, ही माहिती प्रत्येक वस्तीत गेली पाहिजे. स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलेले सुती कापडही वाईट नाही. पण पॅड कपडे वाचवतो, शाळा वाचवतो. गेलेले रक्त तो परत आणत नाही.

महिन्याचा हिशेब

साधारण एका पाळीत ३० ते ४० मिलिलिटर रक्त जाते. एक मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जाते. म्हणजे दर महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर पडते, रोजचे अर्ध्या मिलिग्रॅमहून थोडे अधिक. आकडा किरकोळ वाटतो. पण धान्य, डाळी आणि पालेभाजीतल्या लोहातला फार थोडा भाग, साधारण पाच ते दहा टक्के, शरीरात शोषला जातो. तेवढे अर्धा मिलिग्रॅम भरून काढायला ताटात पाच ते दहा मिलिग्रॅम लोह जास्तीचे यावे लागते, आणि तेही रोज.

आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशी हेच सांगतात. प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागते, बाईला २९. सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला २६, त्याच वयाच्या मुलीला ३२. घरातल्या सगळ्यांपेक्षा जास्त लोहाची गरज त्या मुलीला आहे. आता आपापल्या घरातली रविवारची पंगत आठवा. मटण आधी कुणाच्या ताटात पडते? वडील, भाऊ, पाहुणे जेवून उठल्यावर आई आणि मुलगी बसतात तेव्हा पातेल्यात रस्सा असतो, फोडी संपलेल्या असतात. यात कुणाचा दुष्टपणा नसतो. आई स्वतःच मुलीला शिकवते, आपण मागून बसायचे. पण सहा दिवस चटणी-भाकरी खाऊन सातव्या दिवशीही रस्साच मिळत असेल, तर त्या मुलीचा हिशेब महिनोन्‌महिने तुटीतच राहणार.

शरीर आधी साठ्यातले लोह वापरते आणि साठा संपल्यावरच हिमोग्लोबिन खाली येते. म्हणून हिमोग्लोबिन कमी दिसते तेव्हा दुखणे जुने झालेले असते. थकवा, जिना चढताना धाप, डोके दुखणे, केस गळणे, अभ्यासात मन न लागणे, हातपाय गार पडणे ही त्याची लक्षणे. काही मुली माती, खडू, कच्चे तांदूळ खातात. त्याला आपण वाईट सवय म्हणतो. बऱ्याचदा ती लोहाच्या कमतरतेची खूण असते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आपल्या मुली पहाटे मैदानावर ८०० मीटर धावतात आणि वेळ कमी होत नाही म्हणून रडतात. प्रशिक्षक आणखी फेऱ्या मारायला लावतो. त्याआधी एकदा हिमोग्लोबिन तपासले तर त्या मुलीचे कदाचित एक वर्ष वाचेल.

विटाळ सोडला, पण रक्त अजून 'घाण'च

आपण विटाळ मानत नाही, असे आपण अभिमानाने सांगतो. तत्त्व म्हणून ते खरेच आहे. विनयपिटकात भिक्खुणींच्या पाळीचा उल्लेख येतो तो व्यवहाराचा प्रश्न म्हणून. रक्ताने आसन-अंथरूण खराब होऊ लागले तेव्हा त्यासाठी वेगळे कापड वापरायची परवानगी देण्यात आली. आणि असे कापड एकीनेच अडवून न ठेवता ठराविक दिवसांनी दुसरीसाठी मोकळे करावे, असा नियम आहे. कपडा कसा मिळेल, सगळ्यांना कसा पुरेल, याचा तो विचार आहे.

तरीही आपल्याकडे कितीतरी मुली त्या चार दिवसांत विहारात वंदनेला येत नाहीत. विचारले तर "अडचण आहे" म्हणतात. पण त्याहून खोलवर रुजलेली एक समजूत आहे, आणि माझ्या मते आरोग्याचे खरे नुकसान ती करते. पाळीतून जाते ते 'घाण रक्त', ही ती समजूत. रक्त घाण असेल तर ते गेलेलेच बरे. म्हणून खूप रक्तस्राव होणाऱ्या मुलीला आजी सांगते, "जाऊ दे, सगळं साफ होतंय." जे घाण आहे त्याची तूट कुणी मोजत नाही. जखमेतून इतके रक्त गेले असते तर त्याच घराने रिक्षा करून दवाखाना गाठला असता.

पाळीतले रक्त अंगातलेच रक्त असते, गर्भाशयाच्या अस्तराबरोबर बाहेर येणारे. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली एक-दोन वर्षे ती अनियमित असणे सामान्य आहे. पण पाळी सात दिवसांपेक्षा जास्त चालते, दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजतो, रात्री उठून बदलावा लागतो, मोठ्या गाठी पडतात, यातले काहीही असेल तर ते सहन करण्यासारखे नाही. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त जाणे म्हणजे अतिरक्तस्राव. त्यामागे संप्रेरकांचा बिघाड, थायरॉईड किंवा रक्त न गोठण्याचा आनुवंशिक दोष असू शकतो आणि यातल्या बहुतेकांवर औषधोपचार आहेत.

वेळेवर उपचार मिळाले नाहीत की काय होते ते बीडने दाखवले. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. एक दिवस काम चुकले की मुकादम खाडा लावतो, फडावर ना संडास ना पाणी, पाळीचा त्रास घेऊन खासगी दवाखान्यात गेले की "पिशवी काढून टाका." त्या बायकांना कुणी आधी हिमोग्लोबिन विचारले असेल, गोळ्या दिल्या असतील, असे वाटत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्यांत आपल्या समाजातल्याही बायका आहेत, हे विसरून चालणार नाही.

ताटातली लाज

खाण्याबद्दल थोडे मोकळेपणाने बोलले पाहिजे. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले. ते स्वाभिमानाचे पाऊल होते आणि आपल्या आजी-आजोबांनी ते पाळले. पण त्यानंतर हळूहळू लाज आपल्या सगळ्याच जुन्या खाण्याला चिकटली. कलेजी, वजडी, रक्ती, सुकट, बोंबील, रानातली पाथरी, घोळ, तांदुळजा हे सगळे 'गरिबाचे', 'वास येणारे' ठरले. शहरात भाड्याची खोली मिळवायची तर सुकट भाजता येत नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांचे खाणे नोंदवून ठेवले आहे, तरुणांनी ते जरूर वाचावे. २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा विस्तार होऊन बैलाचे मांसही बंद झाले आणि गरीब घरातले स्वस्त लोह-प्रथिनांचे एक साधन गेले. ज्यांनी हा कायदा केला त्यांनी त्याऐवजी आमच्या मुलींनी काय खावे, याचे उत्तर दिलेले नाही. रेशनवर धान्य मिळते. डाळ आणि अंडी नियमितपणे मिळत नाहीत.

मांसातले लोह वनस्पतींतल्या लोहापेक्षा कितीतरी चांगले शोषले जाते. शिवाय भाकरीबरोबर थोडीशी सुकट किंवा कलेजी असली तरी भाकरीतले लोहही जास्त शोषले जाते. विपश्यनेमुळे किंवा इतर कारणाने काही घरांनी मांसाहार सोडला आहे, तो त्यांचा निर्णय आहे. अशा घरात बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, हरभरा, पालेभाजी आणि त्यावर पिळलेले लिंबू हे रोजचे व्हायला हवे. 'क' जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते, म्हणून लिंबू, आवळा, पेरू. उलट चहा लोह अडवतो. जेवल्यावर लगेच चहा घेण्याची आपली सवय मोडली आणि तासाभराचे अंतर ठेवले, तरी फरक पडतो. लोखंडी तवा-कढई पुन्हा काढा, नॉनस्टिकचे कौतुक पुरे.

बीट, डाळिंब आणि गुळाच्या खड्याने रक्त वाढते, हा सल्ला मात्र डॉक्टरांपासून आजीपर्यंत सगळेच देतात. बीट आणि डाळिंब लाल आहेत, एवढाच त्यांचा रक्ताशी संबंध. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमसुद्धा लोह नाही, डाळिंबात त्याहून कमी. तेवढ्याच बाजरीत सुमारे सहा मिलिग्रॅम आहे. गुळात थोडे लोह असते, पण दहा ग्रॅमच्या खड्यात अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त मिळत नाही. डाळिंबाच्या एका फळाच्या पैशात किती अंडी येतात, तेही पाहा. अंड्यातही लोह फार नाही, पण प्रथिने आणि बी-१२ आहे, आणि रक्त तयार व्हायला तेही लागते.

एकदा रक्तक्षय झाला की नुसत्या आहाराने तो लवकर भरून निघत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्याला एक निळी गोळी शाळेत किंवा अंगणवाडीत मोफत मिळते. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असते. २० ते ४९ वयाच्या महिलांसाठी लाल गोळी आहे. वर्षातून दोनदा जंताची गोळी मिळते. कागदावर हे सगळे चांगले आहे. प्रत्यक्षात निळ्या गोळ्या वर्गाच्या खिडकीबाहेर सापडतात. कारण गोळी उपाशीपोटी दिली की मळमळते, शौचाला काळे होते, आणि मुलींना आधी कुणी सांगितलेले नसते की हे होणारच आहे आणि घाबरण्यासारखे नाही. जेवणानंतर, पाण्याबरोबर, चहा-दूध टाळून गोळी घेतली तर बहुतेकींना ती सोसते. तपासणीत रक्तक्षय निघाला तर आठवड्याची गोळी पुरत नाही. तेव्हा रोजचा डोस लागतो आणि तो डॉक्टरांनी ठरवायचा असतो.

गोळी देण्याआधी: सिकलसेल

विदर्भातल्या कार्यकर्त्यांनी हा भाग नीट वाचावा. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे आणि आदिवासींप्रमाणेच तो आपल्या बौद्ध समाजातही आहे. सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिन कमी असते ते लाल पेशी लवकर तुटतात म्हणून. लोह कमी असेलच असे नाही. वारंवार रक्त चढवलेल्या रुग्णाच्या शरीरात तर लोह साचून राहते आणि ते घातक ठरते. अशा मुलीला न तपासता लोहाच्या गोळ्यांचा मारा करणे चुकीचे आहे. काही जणींना पाळीच्या दिवसांत हाडे-सांधे दुखण्याचा तीव्र झटका येतो आणि घरचे त्याला 'पाळीचे दुखणे' समजून बसतात.

वाहक, म्हणजे एएस असलेली व्यक्ती आजारी नसते. तिला इतरांसारखाच लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय होऊ शकतो आणि गोळ्या चालतात. प्रश्न लग्नाचा येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळ सिकलसेलचे रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. सोल्युबिलिटी ही पहिली चाचणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते, त्यात दोष दिसला तर पुढची तपासणी करून वाहक की रुग्ण ते ठरते. १ जुलै २०२३ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी अपेक्षित आहे. आपले वधू-वर परिचय मेळावे भरतात, तिथे शिक्षण, नोकरी, उंची, पगार लिहितात. सिकलसेल तपासणी झाली आहे का, हा रकाना त्या फॉर्ममध्ये का नसावा? मुलगी 'वाहक' निघाली म्हणून तिला नाकारायचे नाही, तर मुलाचीही तपासणी करायची, हे मात्र मेळाव्याच्या आयोजकांनी माईकवरून सांगितले पाहिजे.

नववीपासून रिकामे ताट

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाईच्या शरीरावर पडणारा भार तिचा एकटीचा प्रश्न नाही, मालकाने आणि सरकारनेही तो उचलला पाहिजे, ही त्यांची भूमिका होती. तोच निकष आजच्या योजनांना लावून पाहू.

शालेय पोषण आहार पहिली ते आठवीपर्यंत आहे. नववीत मुलगी साधारण चौदा-पंधरा वर्षांची असते, पाळी सुरू झालेली असते, उंची वाढत असते, लोहाची गरज वाढत असते. नेमके तेव्हा शाळेतले जेवण बंद होते. किशोरवयीन मुलींसाठीची केंद्राची योजना १४ ते १८ वयासाठी आहे, पण आपल्या राज्यात ती आकांक्षित जिल्ह्यांपुरतीच, म्हणजे नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि धाराशिव. जालना, परभणी किंवा नागपूरच्या वस्तीतली नववीची मुलगी दोन्ही यादीत बसत नाही. राज्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले, तेही जानेवारी २०२५ मध्ये निधी काढून घेऊन लोकवर्गणीवर सोडले. आपल्या निवेदनांत शिष्यवृत्ती असते, वसतिगृह असते. नववी ते बारावीचे जेवण आणि अंड्याचा निधी या दोन मागण्या त्यात घालायला काहीच हरकत नाही. वसतिगृहांत राहणाऱ्या मुलींनी जेवणाच्या यादीची प्रत मागावी आणि ताटात काय पडते त्याची रोज नोंद ठेवावी. तक्रार नोंदीवर टिकते.

मंडळांसाठी काम अगदी छोटे आहे. पुढच्या रक्तदान शिबिरात परत पाठवलेल्या मुलींसाठी एक वेगळे टेबल लावा, तिथे एक कार्यकर्ती बसवा. आकडा चिठ्ठीवर लिहून मुलीच्याच हातात द्या, माईकवर नाव पुकारू नका. आशाताईंना आधीच बोलावून ठेवा, म्हणजे आरोग्य केंद्रातल्या तपासणीचा दिवस तिथेच ठरेल. महिन्याने त्या मुलींची पुन्हा तपासणी करा. गोळ्या नीट घेऊनही हिमोग्लोबिन एक ग्रॅमने वाढले नसेल, तर तिला दोष न देता जिल्हा रुग्णालयात घेऊन जा आणि डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: सिकलसेल आणि थॅलेसेमियाची तपासणी झाली का, बी-१२ पाहिले का, आणि पाळी किती दिवस चालते हे तिला कुणी विचारले का.